चोर सोडून हेडीसला फाशी

माझा भाचा सहावीत आहे. मागच्या महिन्यात त्याच्या शाळेत सामान्यज्ञानाची दहा गुणांची चाचणी झाली. विषय होता जगातल्या पुराणकथा. सातवा प्रश्न असा: ग्रीक पुराणातील हेडीस कोण? पोराने उत्तर लिहिलं, 'हेडीस हा मेलेल्या माणसांच्या राज्याचा राजा आणि झ्यूसचा भाऊ.' त्या उत्तरावर लाल पेनाची फुली होती आणि शेजारी एकच शब्द: खलनायक. दहापैकी नऊ गुण.

वर्गातल्या बहुतेक मुलांनी 'खलनायक' असंच लिहिलं होतं आणि त्यांना तो गुण मिळाला. त्यांनी सिनेमा पाहिला होता. माझ्या भाच्याने माझ्याकडून गोष्टी ऐकल्या होत्या. "मावशी, तू सांगितलेलं चुकीचं निघालं," असं तो म्हणाला तेव्हा मी पोळ्या करत होते. गॅस बंद करून आधी तो पेपर नीट वाचला.

एक गुण ही किरकोळ बाब आहे, मान्य. बाईंनाही मी दोष देत नाही, त्यांनीही कुठेतरी तेच पाहिलं असणार. पण तो गुण कुणी खाल्ला हे मला नेमकं ठाऊक आहे आणि 2010 पासून मी त्याच्यावर दात धरून आहे. त्या वर्षी 'क्लॅश ऑफ द टायटन्स' आला. त्यात राल्फ फाइन्स हा फार मोठ्या ताकदीचा नट हेडीस झाला आहे. राजवाड्यात मेजवानी चालू असते, राणी कॅसिओपिया आपल्या मुलीच्या रूपाची बढाई मारते, आणि एकदम काळा धूर घोंघावत आत शिरतो. त्या धुरातून हा येतो. काळे कपडे, पाठीत किंचित पोक, बसका आवाज. राणीला तो क्षणात म्हातारी करून मारतो आणि फर्मावतो की दहा दिवसांत त्या मुलीचा, अँड्रोमेडाचा, बळी द्या, नाहीतर क्राकेन हा राक्षसी जलचर तुमचं शहर बुडवेल. पुढचा सगळा सिनेमा हा हेडीस झ्यूसचं सिंहासन बळकावण्याचे डाव रचत असतो.

आता मूळ गोष्ट ऐका. कॅसिओपियाने बढाई मारली ती समुद्रातल्या अप्सरांपेक्षा, नेरिइडांपेक्षा, आपण सुंदर असल्याची. काही ठिकाणी ती मुलीच्या रूपाबद्दल बोलते. नेरिइड चिडल्या, त्यांच्या बाजूने समुद्राचा देव पोसायडन चिडला. पूर आणला त्याने, जलचर सोडला त्याने. या भानगडीत हेडीसचा पायही नाही. त्याचं राज्य जमिनीखाली, भांडण समुद्राचं. 1981 साली याच नावाचा पहिला सिनेमा आला होता, त्यातही गोष्टीची भरपूर मोडतोड होती, पण तिथे समुद्रातला प्राणी सोडणारा निदान समुद्राचाच देव होता. एकोणतीस वर्षांनी तोही गुन्हा हेडीसच्या नावावर चढला.

हेडीसचा या गोष्टीशी संबंध येतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथेच माझा जीव अडकलेला आहे. मेडुसाचं डोकं कापायला या गोष्टीचा नायक पर्सियस निघतो तेव्हा त्याच्याकडे चार उसन्या वस्तू असतात: उडायचे जोडे, डोकं ठेवायची झोळी, हर्मीसने दिलेला कोयता आणि डोक्यावर घातली की माणूस दिसेनासा होतो अशी एक टोपी. ती टोपी हेडीसची. डोकं कापल्यावर मेडुसाच्या दोघी बहिणी जाग्या होऊन पर्सियसच्या मागे लागतात, त्या अमर असतात, त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नसतं. पण त्यांना तो दिसतच नाही. हेडीसच्या टोपीमुळे तो जिवंत परत येतो. ज्याच्या टोपीने नायकाचा जीव वाचवला त्यालाच नायकाचा वैरी करून ठेवलं, आणि पुढच्या पिढीतल्या मुलांच्या पेपरावर त्याच्यासाठी फुल्या पडू लागल्या.

ही टोपी कुठून आली तेही सांगते. झ्यूस आणि त्याच्या भावंडांचं बाप क्रोनॉसशी आणि टायटनांशी युद्ध झालं तेव्हा एकडोळ्या सायक्लॉप्सांनी तिघा भावांना तीन वस्तू घडवून दिल्या. झ्यूसला वीज, पोसायडनला त्रिशूळ, हेडीसला टोपी. युद्ध जिंकल्यावर तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या. आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला आणि खालचा अंधार हेडीसला. जमीन तिघांची सामाईक. होमरच्या 'इलियड'मध्ये हे वाटप पोसायडन स्वतः सांगतो. त्यात फसवणूक नाही, कुरघोडी नाही. 2010 चा सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो की झ्यूसने हेडीसला फसवून पाताळात ढकललं आणि म्हणून हा सूडाने पेटला आहे. ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्याने निमूटपणे घेतलं, हा या देवाचा मूळ स्वभाव. वाटणी झाल्यावर कोर्टकचेरी न करणारा भाऊ किती घरांत सापडतो? असा एक सापडला होता, त्याचंही सिनेमाने वाटोळं केलं.

दुसरा गुन्हा 1997 चा. डिस्नेचा 'हर्क्युलिस' हा मुलांचा सिनेमा, गाण्यांचा, हाणामारीचाही. त्यात हेडीसच्या डोक्यावर निळ्या ज्वाळांचे केस आहेत आणि तो पाळण्यातल्या हर्क्युलिसला मारायला दोन हस्तक पाठवतो. ते पुढे साप होतात आणि बाळ त्यांचे गळे आवळतं. पाळण्यातले साप ही ग्रीकांची फार जुनी गोष्ट आहे, ती भांड्यांवरही काढलेली सापडते. पण साप पाठवले होते हेराने. झ्यूसने दुसऱ्या बाईपासून मूल केलं म्हणून जळफळलेल्या बायकोने. त्या मुलाचं ग्रीक नाव हेरॅक्लीस, त्यात हेराचं नाव आहे, त्याच्या आयुष्यातली प्रत्येक आपत्ती तिच्यापाशी पोहोचते. तिने त्याला वेड लावलं आणि त्या वेडात त्याने स्वतःची मुलं मारली. सिनेमात हीच हेरा त्याची सख्खी प्रेमळ आई होऊन पाळण्याशी उभी आहे. मुलांच्या सिनेमात लेकरं मारलेली दाखवता येत नाहीत हे मला समजतं. मग ती गोष्ट घेऊ नये. सवतीच्या मत्सराचे साप भलत्याच देवाच्या पदरात कशाला टाकायचे?

आणि हेडीसने जे खरोखर केलं आहे ते मात्र कुणी दाखवत नाही. मी ते झाकणार नाही. डिमीटर ही धान्याची देवी, तिची मुलगी पर्सेफनी. ती कुरणात फुलं वेचत होती, नार्सिससच्या एका अजब फुलाला तिने हात घातला, जमीन दुभंगली आणि हेडीसने रथातून येऊन तिला रडतओरडत उचलून नेलं. डिमीटर नऊ दिवस मशाली घेऊन पोरीला शोधत फिरली. अन्नपाणी नाही, आंघोळ नाही. शेवटी सूर्याने तिला काय घडलं ते सांगितलं. आणि काय सांगितलं? की मुलीच्या बापानेच, झ्यूसने, ही मुलगी आपल्या भावाला देऊन टाकली होती. आईला न विचारता. ते फूलही झ्यूसच्याच मर्जीने तिथे उगवलेलं होतं. डिमीटरच्या जुन्या स्तोत्रात हे सगळं स्पष्ट आहे. पुढे डिमीटर जगातलं धान्य उगवू देईना तेव्हा झ्यूसला जाग आली आणि त्याने हर्मीसला पाताळात पाठवलं. निरोप ऐकून हेडीसने आढेवेढे न घेता पर्सेफनीला जायला सांगितलं. डाळिंबाचा एक दाणा मात्र गुपचूप खायला घातला, म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ ती खाली राहते.

अपराध दोघांचा. मोठा कुणाचा, ते कोणतीही आई सांगेल. पण 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये लियाम नीसनचा झ्यूस झगझगीत चिलखत घालून, दाढीतून मायेने बोलत, मुलासाठी तळमळणारा बाप म्हणून वावरतो. पर्सेफनी त्या सिनेमात नाहीच. 2012 च्या 'रॅथ ऑफ द टायटन्स'मध्येही नाही. ग्रीक माणूस ज्या राणीचं नाव भीतीने आणि आदराने घेत होता, जिच्यासाठी एल्युसिसला शेकडो वर्षं गुप्त विधी चालले, ती पाताळाच्या महालातून गायब. बायको दाखवली की संसार दाखवावा लागतो, आणि संसार असलेला राक्षस करता येत नाही. 2010 च्याच 'पर्सी जॅक्सन'मध्ये ती आहे, पण नवऱ्याला कंटाळलेली बायको म्हणून. आणि तिचा नवरा तिथे आगीच्या लोळातून शिंगं काढून उभा राहतो.

ही आग आणि ही शिंगं कुठून आली? ग्रीकांचं पाताळ अंधारं, दमट, धुक्याचं आहे. तिथे आगीची एक नदी आहे खरी, पण ते काही भट्टीत माणसं भाजायचं ठिकाण नव्हे. सगळे मेलेले तिथेच जातात, चांगले आणि वाईट. अकिलीससारखा वीरही तिथेच भेटतो आणि तिथलं राज्य करण्यापेक्षा वर कुणाच्या शेतावर मोलमजुरी केलेली बरी असं 'ओडिसी'त बोलून दाखवतो. शिक्षा भोगणारे मोजके: सिसिफस, टँटॅलस आणि तसे आणखी थोडे. शिंगं आणि भट्टी ख्रिस्ती नरकाची आहे. बायबलच्या नव्या करारात 'हेडीस' हा ग्रीक शब्द मृतांच्या जागेसाठी येतो, आणि 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्या जागी जवळजवळ सगळीकडे नरक हाच शब्द बसला. इंग्रजीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मग हिशेब सरळ होतो. खाली राहतो तो सैतान, वर राहतो तो देव. सिनेमावाल्याला दीड-दोन तासांत कुणीतरी मारायला लागतोच, त्याला हा हिशेब आयताच मिळाला.

आपल्याला तरी हे कळायला जड जाऊ नये. मृत्यूचा देव म्हणजे दुष्ट, असं आपल्या घरात कुणी शिकवत नाही. यम हा धर्मराज. नचिकेता त्याच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला तर यमालाच अपराधी वाटलं आणि त्याने तीन वर दिले. भाऊबिजेचं दुसरं नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो, म्हणून आपण भावाला ओवाळतो. ज्या घरात दरवर्षी ही गोष्ट सांगितली जाते त्या घरातल्या मुलाने मृत्यूच्या देवाला 'खलनायक' लिहिल्यावर गुण मिळावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये एक प्याला आहे. अथेन्सचा, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला, मद्य प्यायचा, पसरट, दोन कानांचा. माझ्याजवळच्या पुस्तकात त्याचा पानभर फोटो आहे. बाहेरच्या बाजूने देवांची जोडपी पलंगांवर बसून मेजवानी करताहेत. आतल्या बाजूला, अगदी तळाशी, एक गोल चौकट आणि तिच्यात एकच जोडपं. दाढीवाला पुरुष पलंगावर उशीला रेलून पहुडलेला, हातात उथळ वाटी. त्याच्या पायांशी, पलंगाच्या कडेला, बायको बसलेली आणि दोघं एकमेकांकडे बघताहेत. हे हेडीस आणि पर्सेफनी. पिणाऱ्याला ते आधी दिसत नाहीत. मद्य संपत येतं तसतसे वर येतात. तळाशी मृत्यू असतो हे त्या कुंभाराला आणि चित्रकाराला माहीत होतं, आणि तिथे त्यांनी काढली ती जेवणानंतर निवांत बसलेली दोन माणसं. हा फोटो मी भाच्याला दाखवला. "हा खरा हेडीस? हा तर कुणाच्या तरी आजोबांसारखा दिसतो," तो म्हणाला. तेवढं त्याला कळलं, मला पुरे झालं.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिलीइतकीच सलते. हे सिनेमे देवांना मारतात. 'रॅथ ऑफ द टायटन्स'मध्ये पोसायडन मरतो, हिफेस्टस मरतो, शेवटी झ्यूसही मरतो. माणसांनी प्रार्थना करणं सोडलं म्हणून त्यांची ताकद गेली, असं कारण दिलेलं आहे. अंगाची माती होऊन ते ढासळतात. 2017 च्या 'वंडर वुमन'मध्ये एरीस हा युद्धाचा देव बाकीच्या देवांना आधीच मारून मोकळा झालेला असतो आणि शेवटी स्वतः मरतो. 2011 च्या 'इमॉर्टल्स'चं तर नावच 'अमर', आणि त्यात झ्यूस स्वतःच्या हाताने एरीसला मारतो, अथीना टायटनांशी लढताना मरते.

ग्रीक भाषेत देवांना जो नेहमीचा शब्द आहे त्याचा अर्थच 'न मरणारे' असा होतो. ते दुसरं काहीही करतील. चोरी, लबाडी, परस्त्रीगमन, रुसवे, लाच, सगळं. मरणार नाहीत. त्यांच्या अंगात रक्तही नाही, आयकोर नावाचा वेगळाच द्रव वाहतो, कारण ते भाकरी खात नाहीत आणि मद्य पीत नाहीत. 'इलियड'मध्ये डायोमिडीस हा माणूस एरीसच्या पोटात भाला खुपसतो. एरीस नऊ-दहा हजार माणसांएवढी किंकाळी फोडतो, आकाशात पळतो आणि बापापुढे रडगाणं गातो. झ्यूस त्याला झापतो, वैद्याकडून त्याच्या जखमेला लेप लावून घेतो आणि एरीस आंघोळ करून स्वच्छ कपड्यांत शेजारी येऊन बसतो. देवांचं युद्ध असं असतं. ते खेळासारखं आहे, म्हणून खाली मैदानात मरणारा माणूस इतका खरा वाटतो.

त्याच काव्यात सारपेडॉन येतो. तो झ्यूसचा मुलगा, पण मर्त्य. पॅट्रोक्लसच्या हातून त्याचं मरण जवळ येतं तेव्हा झ्यूस विचार करतो, याला उचलून घरी नेऊन ठेवावं का? हेरा म्हणते, मग बाकीच्या देवांचीही मुलं तिथे लढताहेत, त्यांनी काय करावं? आणि देवांचा राजा मान तुकवतो. जमिनीवर रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडतो. एवढंच त्याच्या हातात असतं. मुलगा मेल्यावर तो निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावांना पाठवतो आणि ते दोघे प्रेत उचलून त्याच्या गावी, लिशियाला नेतात. युफ्रोनियस नावाच्या चित्रकाराने हा प्रसंग एका मोठ्या भांड्यावर काढला. ते भांडं बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात होतं, 2008 साली इटलीला परत गेलं. त्यात दोन पंखवाले पुरुष वाकून त्या तरुणाला इतक्या हळुवार उचलताहेत की झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये. आणि पाहा, प्राण नेणारा मृत्यू हा इथे वेगळाच देव आहे, थॅनॅटॉस. हेडीस कुणाला मारायला वर येतच नाही. तो खाली आपल्या राज्यात बसलेला असतो आणि आलेल्याला ठेवून घेतो.

झ्यूस मरू शकत असता तर या प्रसंगात काय उरलं असतं? जो मरणार नाही त्याला मुलाचं मरण पाहत कायमचं जगायचं आहे, हेच तर त्या रक्ताच्या पावसाचं कारण. चांगली रडण्याजोगी जागा होमरने दिलेली असताना हे लोक त्या जागी स्फोट लावतात.

बारीकसारीक तक्रारी आणखी आहेत. क्राकेन ग्रीक नाही, तो नॉर्वेच्या खलाशांच्या गोष्टींतला प्राणी. ग्रीक शब्द केटॉस, उच्चारायला सोपा, पण तो कुणाला नको. पंखवाला घोडा पेगॅसस पर्सियसचा नव्हे. पर्सियसने मेडुसाचा गळा कापला तेव्हा तो त्यातून जन्मला आणि पुढे बेलेरोफॉनने त्याच्यावर मांड टाकली. अरबी गोष्टींतले जिन 2010 च्या सिनेमात ग्रीकांच्या मदतीला येतात. त्याच सिनेमात झ्यूस नवऱ्याचं रूप घेऊन पर्सियसच्या आईकडे जातो. ही गोष्ट हर्क्युलिसच्या आईची. पर्सियसची आई डनाई ही अक्रिसियसची मुलगी होती, सिनेमात ती त्याची बायको केली आहे, म्हणजे आजोबा सावत्र बाप झाला. आणि इओ! सिनेमात ती पर्सियसची सोबतीण, हळूहळू प्रेयसी. पुराणात इओ ही पर्सियसच्या नऊ पिढ्या आधीची पूर्वज आहे. झ्यूसच्या नादाने तिची गाय झाली, गोमाशी मागे लावून तिला देशोदेशी पळवलं गेलं, इजिप्तला पोहोचून तिला पुन्हा माणसाचं रूप मिळालं, तिथे वंश सुरू झाला, त्या वंशात पर्सियस जन्मला. घराण्याच्या मूळ आजीशी नायकाचं लग्न लावायच्या वाटेवर आणून ठेवलं, आणि एवढ्या मोठ्या सिनेमाच्या कामात कुणी वंशावळ उघडून बघितली नाही.

टायटन म्हणजे राक्षस, ही समजूतही याच सिनेमांची. हिसिअडने बारा टायटनांची नावं दिली आहेत. त्यांत निमोसिनी आहे, म्हणजे स्मृती, नऊ कलादेवींची आई. थेमिस आहे, म्हणजे रीत आणि न्याय. हायपेरिऑन आहे, सूर्य, चंद्र आणि उषेचा बाप. 'इमॉर्टल्स'मध्ये हायपेरिऑन हा मिकी रुर्कने रंगवलेला एक क्रूर मानवी राजा आहे आणि खरे टायटन पिंजऱ्यात डांबलेले दात-ओठ खाणारे प्राणी. सिनेमा दिग्दर्शक तरसेम सिंगचा, रंग आणि पोशाख डोळ्यांत भरणारे. त्यात मुंबईची फ्रीडा पिंटोही आहे, पण तिला फेड्राचं नाव देऊन भविष्य पाहणारी पुजारीण केली आहे. फेड्रा ही क्रीटची राजकन्या, थीसियसची बायको, सावत्र मुलावर जीव जडला आणि त्यातून तिघांचा सत्यानाश झाला. युरिपिडीसने त्यावर अख्खं नाटक लिहिलं. एवढी मोठी बाई आणि तिचं नुसतं नाव वापरलं.

2004 च्या 'ट्रॉय'ने वेगळा मार्ग धरला, देवच काढून टाकले. मला ते एक वेळ चाललं असतं. पण त्यात हेक्टर मेनेलॉसला मारतो आणि ब्रिसिइस अ‍ॅगमेम्नॉनला. मेनेलॉस मेला तर युद्धानंतर हेलनला घेऊन स्पार्टाला कोण जाणार? 'ओडिसी'त बापाचा शोध घेत आलेल्या टेलेमॅकसला जेवायला कोण बसवणार? अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉयलाच मेला तर घरी त्याची वाट पाहणारी क्लायटेम्नेस्ट्रा काय करणार, आणि इस्किलसने त्यावर रचलेली तीन नाटकं कुठे जाणार? दोन वाईट माणसांना शिक्षा झाल्याचं समाधान प्रेक्षकाला मिळावं म्हणून त्या गोष्टीची मुळं आणि फांद्या एकदम छाटल्या.

नीट केलेलं मी नीटच म्हणते. 1963 चा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' काढून पाहा. त्यातही बदल आहेत. टॅलोस हा ब्राँझचा राक्षस क्रीटवरचा, तो दुसऱ्याच बेटावर नेला आहे. पण त्याच्या टाचेतली खुट्टी उपटल्यावर आतला आयकोर भळाभळा वाहून जातो, ते खरं आहे. हेरा जेसनला मदत करते, तेही खरं. देव ऑलिंपसवर सोंगट्यांसारख्या माणसांच्या बाहुल्या हलवतात आणि त्यांच्यात वैर आहे, आवडनिवड आहे, पण खलनायक कुणी नाही. शेवटी जमिनीतून उगवलेल्या सात सांगाड्यांशी तीन माणसं लढतात. तो प्रसंग रे हॅरीहाउसेनने एकेक चौकट हाताने हलवून घेतला, त्याला चार महिन्यांहून जास्त लागले. ज्या माणसाला एका सांगाड्याचा गुडघा वाकवायला एवढा धीर होता त्याला गोष्टीबद्दलही आदर होता, हे दिसतं.

2023 साली ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष'मध्ये हनुमानाच्या तोंडी दिलेले संवाद लोकांना रुचले नाहीत. देशभर आरडाओरडा झाला आणि निर्मात्यांनी ते संवाद बदलले. त्या गदारोळात बरंच काही अतिरेकी होतं. तरी गोष्ट आपली आहे, तिला कुणी हात लावला तर आम्ही बोलणार, ही भावना मला समजली. हेडीससाठी असं बोलायला फारसं कुणी उरलं नाही. त्याच्या देशातही त्याला मानणारे मूठभर. म्हणून हे लिहिते आहे.

भाच्याला त्या रात्री मी सर्बेरसची गोष्ट सांगितली. हर्क्युलिसला राजा युरिस्थियस शेवटचं काम सांगतो, पाताळाच्या दारातला तीन डोक्यांचा कुत्रा घेऊन ये. हर्क्युलिस खाली जातो. तिथे त्याला त्याचा मित्र थीसियस एका आसनाला चिकटून बसलेला दिसतो. हा थीसियस आणि त्याचा दोस्त पिरिथुस पर्सेफनीलाच पळवून न्यायला आले होते. हेडीसने त्यांना हाकललं नाही, मारलं नाही. या, बसा म्हणाला. ते बसले आणि उठता येईना. हर्क्युलिस थीसियसला ओढून सोडवतो, पिरिथुस तिथेच राहतो. मग तो हेडीसपाशी जाऊन कुत्रा मागतो. हेडीस म्हणतो, घेऊन जा, पण शस्त्र वापरायचं नाही. हर्क्युलिस गदा आणि बाण बाजूला ठेवतो, सिंहाचं कातडं अंगाशी घट्ट ओढतो आणि नुसत्या हातांनी कुत्र्याची मानगूट धरतो. शेपटीच्या जागी साप असतो, तो चावतो, तरी सोडत नाही. कुत्रा दमतो. हर्क्युलिस त्याला वर उजेडात नेतो आणि राजाला दाखवतो.

भाच्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आणि मग? परत दिला का त्याने कुत्रा?"

"दिला. स्वतः खाली नेऊन."

"मग हेडीस काय म्हणाला?"

ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, मी म्हटलं. कुत्रा परत दारात जाऊन बसला.